लुटुपुटूची लढाई, खरे बुणगे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, इंग्लंडमधले हौशी लोक सतराव्या शतकातल्या तिथल्या यादवीच्या लढाया लुटुपुटूने पुन्हा करतात, त्यावर एक टिपण आले होते. शिरस्त्राण घातलेले, पोट सुटलेले गृहस्थ, हातात सोळा फुटी भाले, मागे आइस्क्रीमची गाडी, असे छायाचित्र. खाली लेखकाचा सवाल: ज्या देशात भावाने भावाला मारले आणि शेवटी राजाचे मुंडके उडवले, तो देश त्या रक्तपाताची सहल कशी काय करतो? प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र लेखकाने फोटोकडे बघूनच देऊन टाकले आहे. रिकामटेकड्यांचा खेळ, म्हणे. मी बरीच वर्षे चेशायर परगण्यात, नँटविच गावाजवळ राहते आणि जानेवारीत त्या रिकामटेकड्यांच्यात असते, म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री चालवा, पण बार्थोमली गावाचा भाग तेवढा ठेवा.

नँटविच हे मिठाचे गाव. चेस्टर बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर आणि चेस्टरहून पुढे आयर्लंडला, एवढी त्याची मातब्बरी. १६४२ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या चार्ल्स राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारले आणि पार्लमेंटशी त्याचे उघड युद्ध सुरू झाले. (आपल्या वाचकांना काळ चटकन लक्षात यावा म्हणून सांगते: १६४५ च्या जूनमध्ये नेस्बीला राजाची मुख्य फौज मोडली, तेव्हा शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते.) १६४३ सालचा हिवाळा येईतो चेशायरमध्ये पार्लमेंटच्या हातात जवळजवळ हे एकच गाव उरले होते. राजाने आयर्लंडमधल्या बंडखोरांशी तह करून तिकडच्या इंग्रज पलटणी मोकळ्या केल्या होत्या. त्या चेस्टरला येऊन पोचल्या आणि राजाचा सेनापती लॉर्ड बायरन याने नँटविचला वेढा घातला. १८ जानेवारीला त्याने गावावर हल्ला चढवला, तो आतल्या शिबंदीने आणि गावकऱ्यांनी परतवला. तिकडे पार्लमेंटचा सेनापती सर टॉमस फेअरफॅक्स मँचेस्टरहून २१ तारखेला बर्फातून कुमक घेऊन निघाला.

आणि मग बर्फ वितळले. गावाजवळून वाहणारी वीव्हर नदी तशी लहानशीच, पण त्या दिवशी तिला असा लोंढा आला की पूल गेला. बायरनची फौज नदीच्या दोन्ही काठांवर विभागलेली होती. त्याच्या घोडेस्वारांना पुढचा पूल गाठायला काही मैलांचा वळसा पडला. तेवढ्या वेळात जवळच्या ॲक्टन गावच्या चर्चभोवती लढाई पेटली, गावातली शिबंदी बाहेर पडून राजाच्या पायदळाच्या पिछाडीवर तुटून पडली आणि सगळा मामला फिरला. सुमारे १,५०० कैदी हाती लागले. कित्येकांना नँटविचच्या सेंट मेरी चर्चमध्येच कोंडले. हे २५ जानेवारी १६४४ चे. जुन्या कागदांत साल १६४३ दिसते, कारण त्या काळी इथले वर्ष २५ मार्चला सुरू होई. दर वर्षी कोणी ना कोणी शहाणा मला ही ‘चूक’ दाखवायला येतोच.

वेढा उठला त्याची आठवण म्हणून गावकरी पुढे त्या दिवशी टोपीत हॉलीची डहाळी खोचत. काटेरी पाने, लाल फळे, ऐन थंडीत हिरवे राहणारे झाड. ही चाल मध्यंतरी बंद पडली होती. १९७० च्या दशकात गावाने ती पुन्हा सुरू केली. आता २५ जानेवारीच्या लगतचा शनिवार म्हणजे ‘हॉली होली डे’, हॉलीचा पवित्र दिवस. पलटणी ढोल वाजवत गावातून फिरतात, चौकातल्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिले जाते आणि दुपारी नदीकाठच्या मिल आयलंडवर लढाई उभी राहते.

लढाई उभी करणाऱ्यांविषयी. ‘सील्ड नॉट’ नावाची संस्था आहे, नोंदणीकृत, धर्मादाय. नाव उचलले आहे ते राजाला गादीवर परत आणण्यासाठी कट करणाऱ्या १६५० च्या दशकातल्या एका गुप्त मंडळाचे. ती १९६८ साली काढली ब्रिगेडियर पीटर यंग यांनी. टिपणकारांनी या नावापाशी जरा थांबायला हवे होते. ज्यांनी खरे युद्ध पाहिले नाही त्यांनाच युद्धाचा खेळ सुचतो, असे ते लिहितात. यंग दुसऱ्या महायुद्धात कमांडो होते, १९४२ च्या फ्रान्समधल्या दिएपच्या छाप्यात होते. बंदुकीचा खरा बार त्यांनी पुरेपूर ऐकला होता. तरी त्यांना हे करावेसे वाटले, यामागे केवळ हौस होती असे म्हणून मला तरी हात झटकता येत नाहीत.

इथे कोणाला पगार नाही. कोणी शिक्षक, कोणी नळजोडणीवाला, कोणी बँकेतली बाई. वर्गणी भरायची, लोकरी अंगरखा आणि कातडी जोडे स्वतः घ्यायचे किंवा शिवायचे, चष्म्याशिवाय चालत असेल तर तो काढून ठेवायचा, मनगटी घड्याळ तंबूत. बंदूक तोड्याची. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे जामगी, धुमसत ठेवायची आणि चाप ओढला की तिचे टोक बंदुकीच्या कानातल्या, म्हणजे नळीच्या भोकाशी ठेवलेल्या, दारूवर टेकते. छातीवरच्या पट्ट्याला लाकडी कुप्या लोंबतात, एकेका बाराची दारू एकेकीत. गोळी अर्थातच नसते. पण गोळी नाही म्हणून सरकार ढिले आहे असे समजू नका. त्या बंदुकीसाठी पोलिसांचा शॉटगनचा परवाना लागतो आणि काळी दारू घरात ठेवण्यासाठी स्फोटकांचा वेगळा दाखला. समोरच्यावर नेम धरून बार काढत नाहीत, नळी वर उचलतात. पहिल्या फैरीनंतर कुजक्या अंड्यांचा जो वास सुटतो तो मात्र अस्सल गंधकाचा. वारा पडला असेल तर आपल्याच पलटणीचे निशाण धुरात दिसेनासे होते, आणि मग त्या काळी ढोलाच्या ठेक्यावर हुकूम का देत असत हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

भालेवाल्यांची तऱ्हा वेगळी. भाले उभे करायचे, खांद्याला खांदा लावायचा आणि दोन्ही जमाव एकमेकांवर रेटायचे. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी जोर लावतात ना, तसेच. इथे खरी माणसे खरी घामाघूम होतात आणि खरे गुडघे खरे दुखावतात. मी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होते, हाडे-सांधे हाच माझा विभाग. शेजारच्या घरातला एक भालाईत ऐन हंगामात लंगडत माझ्या दाराशी आला, तेव्हापासून मी या मंडळींत ओढली गेले. आज दारू-गोळा मी हाताळत नाही. लढाई चालू असताना पाण्याच्या कातडी बुधल्या घेऊन रांगांमागून फिरते आणि लढाईच्या आधी-नंतर छावणीत वैद्याचा तंबू सांभाळते. आमच्या रांगांत बायकाही भाले धरतात. १६४३ मध्ये चार्ल्स राजाच्या एका फर्मानाच्या मसुद्यात, कोणा बाईने पुरुषी पोशाख करून लष्करात वावरू नये, नाहीतर कडक शिक्षा होईल, अशी तंबी होती. म्हणजे त्या तसे वावरत असणार. ज्याला मनाई करावी लागते ते चालू असतेच.

मरायचे केव्हा, हे बहुधा ज्याचे त्याने ठरवायचे असते. ऑगस्टमध्ये, हिरवळीवर, वयस्कर मंडळी पहिल्याच फैरीला धारातीर्थी पडतात आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतात. जानेवारीत मात्र नँटविचला कोणी मरायला तयार नसते. चिखल घोट्याच्या वर असतो. सेनापती ओरडून ओरडून ‘अरे, पडा की कोणीतरी’ म्हणतो. प्रेक्षक हसतात, आम्हीही हसतो, आणि इथेच टिपणकारांना ‘सहल’ दिसली असणार. त्या क्षणापुरती ती आहेच. ते मी नाकारत नाही.

आता मला जे म्हणायचे आहे ते. प्रेक्षकांतून हमखास येणारा प्रश्न असा असतो की तुम्ही राजाचे की पार्लमेंटचे? खरे उत्तर असे, की ज्या दिवशी ज्यांची माणसे कमी पडतील त्यांचे. गणवेश सगळीकडे सारखे नसत, म्हणून त्या काळीही आपला कोण, परका कोण हे कमरेच्या-खांद्यावरच्या पट्ट्यावरून नाहीतर टोपीत खोचलेल्या खुणेवरून ओळखत. राजाकडचा पट्टा तांबडा, पार्लमेंटकडचा नारिंगी. आमच्यातले कोणी सकाळी नारिंगी पट्टा बांधून कवायत करतो आणि दुपारी राजपक्ष तोकडा पडला की तांबडा बांधून पलीकडे जातो. पाहुण्यांना ही फसवणूक वाटते. मला तो सगळ्या दिवसातला सर्वांत खरा भाग वाटतो.

कारण नँटविचलाच काय झाले पाहा. पकडलेल्या त्या कैद्यांपैकी पुष्कळजण पुढे पार्लमेंटच्या फौजेत दाखल झाले. कैद्यांत जॉर्ज मंक नावाचा एक कर्नल होता. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये डांबले. दोनेक वर्षांनी तो सुटला तो पार्लमेंटची चाकरी पत्करून. पार्लमेंटचा सेनापती आणि राजाला मारल्यावर देशाचा सर्वेसर्वा झालेला जो क्रॉमवेल, त्याचा तो पुढे विश्वासू सेनानी झाला, स्कॉटलंडचा कारभार त्याने सांभाळला. आणि क्रॉमवेल गेल्यावर १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला गादीवर आणून बसवणारा कोण? हाच मंक. राजाने त्याला ड्यूक केले. आपल्याकडे शाळेत फितुरीचे धडे इतके घोटून घेतात की आपण प्रत्येक बाजू बदलणाऱ्याला एकच नाव देऊन मोकळे होतो. यादवीत माणूस कधी पोटासाठी, कधी घरादारासाठी, कधी खरोखर मत पालटले म्हणून पलीकडे जातो. मैदानावर पट्टा सोडणारा नळजोडणीवाला हे शाळेतल्या पोरांना जितक्या पटकन शिकवून जातो तितके मी तंबूत तासभर बोलून शिकवू शकत नाही.

आता बार्थोमली. नँटविचपासून काही मैलांवरचे छोटे गाव. १६४३ च्या नाताळच्या तोंडावर बायरनची एक तुकडी तिथे आली. गावातले काही लोक चर्चच्या मनोऱ्यात जाऊन बसले. सैनिकांनी खाली चर्चमधली बाके आणि चटया पेटवल्या. धुराने जीव गुदमरून लोक खाली उतरले, शरण आले, आणि त्यातल्या डझनभरांना तिथेच कापून काढले. बायरनने पत्रातून ही गोष्ट कळवली, वर असल्या लोकांशी वागण्याची हीच सर्वांत चांगली रीत, असा शेराही मारला. पत्र वाटेत पकडले गेले आणि पार्लमेंटच्या बाजूने ते छापून वाटले.

मागे आमच्यात एक सूचना आली होती की हेही दाखवावे. मनोऱ्याऐवजी लाकडी ढाचा, धुराच्या नळकांड्या. मी कडाडून विरोध केला आणि आजही करीन. मैदानावर दोन्हीकडे हत्यार असते, पडणारा पडतो आणि ढोल वाजला की उठतो, त्याला टाळ्या मिळतात. हात जोडून खाली उतरलेल्या माणसाला मारण्याचा अभिनय लहान मुलांसमोर कोणी करू नये, आणि त्याने उठून टाळ्याही घेऊ नयेत. पण दाखवायचे नाही म्हणून सांगायचेही नाही, हे मला त्याहून वाईट वाटते. बऱ्याच ठिकाणच्या अशा कार्यक्रमांत नेमके तेच होते. निवेदक तोफांचे वजन सांगतो, सेनापतींच्या वंशावळी सांगतो आणि शेजारच्या चर्चमध्ये जळलेल्या बाकांवरून हळूच पुढे सरकतो. टिपणकारांनी या ठिकाणी बोट ठेवले असते तर मी हे पत्र लिहिलेच नसते, त्यांचे अभिनंदन केले असते.

म्हणून मी माझ्या तंबूत बार्थोमली सांगते. पुढ्यात करवत, डाग द्यायची लोखंडी सळई, कातडी पट्टा असतो. मुले करवतीसाठी येतात, बाकीचे ऐकून जातात. रिचर्ड वाइजमन नावाचा राजपक्षाचा एक शस्त्रवैद्य होता, १६५१ च्या वूस्टरच्या लढाईत कैद झालेला. त्याने आपल्या रोग्यांच्या हकिगती लिहून ठेवल्या, त्या १६७६ मध्ये छापून आल्या. हात-पाय कापायचाच असेल तर सैनिकाचे रक्त लढाईने तापलेले आहे तोवर लगेच कापावा, उशीर करू नये, असे त्याचे मत. नोकरीत असताना मी शस्त्रक्रियेनंतरच्या माणसांना पहिले पाऊल टाकायला शिकवत असे. त्यामुळे मला विचारावेसे वाटते ते पुढचे: पाय कापल्यावर तो माणूस घरी कसा गेला? शेत कोणी नांगरले?

याची उत्तरे अर्जांत सापडतात. या युद्धातली पहिली मोठी लढाई एजहिलची, २३ ऑक्टोबर १६४२ ची. दुसऱ्याच दिवशी पार्लमेंटने जाहीर केले की आपल्या बाजूने लढताना जायबंदी झालेल्यांची आणि मेलेल्यांच्या बायकामुलांची सोय आपण लावू. मग वर्षानुवर्षे परगण्यांच्या न्यायाधीशांपुढे अर्जांच्या थप्प्या लागल्या. नवरा अमक्या वेढ्यात गेला, पदरात इतकी पोरे, घर सैनिकांनी लुटले, घरमालक दारात उभा. राजा परत आल्यावर पारडे फिरले. १६६२ च्या कायद्याने राजपक्षाच्या जखमींना मदत मिळू लागली आणि पार्लमेंटकडच्या लुळ्यापांगळ्यांची रोजी बंद झाली. असे शेकडो अर्ज आज अभ्यासकांनी शोधून, वाचून सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांतले काही मी दुपारच्या लढाईनंतर मोठ्याने वाचते. माझा हट्ट असा, की ढोल वाजून मेलेले उठले की कार्यक्रम संपला असे निवेदकाने म्हणू नये, लोकांना छावणीकडे वळवावे. आमच्या लोकांनी हे मान्य केले आहे. सगळे वळत नाहीत. थंडीने काकडलेली माणसे चहाच्या रांगेकडे जातात, त्यात गैर काही नाही.

मराठीत आपल्याकडे बुणगे, म्हणजे फौजेमागून चालणारी बिनलढाऊ माणसे, हा शब्द किती तुच्छतेने वापरतात. पण फौज बुणग्यांवर चालते, आणि युद्धाची किंमतही तेच मोजतात. इथल्या यादवीत इंग्लंड-वेल्समध्ये लढताना पाऊण लाखाहून अधिक माणसे मेली असावीत आणि रोगराईने त्याहूनही जास्त, असा एका इतिहासकाराचा अंदाज आहे. तेव्हा इंग्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. प्रमाण काढले तर पहिल्या महायुद्धापेक्षा ही हानी मोठी ठरते. नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूअर्क गावाला तीनदा वेढा पडला. आत अडकलेल्यांनी चांदीची भांडी कापून पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नाणी पाडली, ती तिथल्या राष्ट्रीय यादवी युद्ध केंद्रात बघायला मिळतात. ती नाणी लोक कौतुकाने पाहतात. त्याच गावात ताप आणि प्लेग यांनी किती घरे उद्ध्वस्त केली, हे विचारणारे थोडे.

टिपणकारांचा मुख्य मुद्दा उरतोच. यादवीची सहल करावी का? माझे म्हणणे, हे गावागावावर अवलंबून आहे आणि जखम किती ओली आहे यावर. याच युद्धमालिकेत १६४९ च्या सप्टेंबरमध्ये क्रॉमवेलने आयर्लंडमधल्या द्रॉहेडा गावात कत्तल केली. तिथे आइस्क्रीमची गाडी उभी करण्याचे धाडस मी कोणाला सुचवणार नाही. अमेरिकेतही पाहा. तिथल्या यादवीच्या लढाया हौशी मंडळी हजारोंनी जमून करतात, पण सरकारी राष्ट्रीय उद्यान सेवा आपल्या ताब्यातल्या खऱ्या रणांगणांवर समोरासमोरची खोटी लढाई होऊ देत नाही. १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षे झाली तेव्हा दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक तिथे जमले, ज्या दगडी भिंतीपाशी एकमेकांना मारले होते तिथे त्यांनी हात मिळवले. फार हृद्य प्रसंग. त्या सोहळ्यातल्या भाषणात अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी भांडण मिटल्याचे गोडवे गायले आणि भांडण ज्यावरून झाले त्या गुलामगिरीचा शब्दही उच्चारला नाही. असे हात मिळवणे मला नको. त्यापेक्षा आमचा चिखल बरा, निदान तिथे निवेदकाला कोणीतरी उठून विचारते की बार्थोमलीचे काय.

एक व्यक्तिगत गोष्ट, कारण मला ती दर वर्षी ऐकावी लागते. छावणीत कोणीतरी माझ्याकडे बघून, अगदी सभ्यपणे, म्हणते: बाई, त्या काळी तुमच्यासारखी माणसे इथे कुठली? मी त्यांना पीटर पोपची हकिगत सांगते. बंगालच्या उपसागराकाठचा एक हिंदुस्थानी मुलगा, ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्याने लंडनला आणलेला. २२ डिसेंबर १६१६ रोजी लंडनच्या सेंट डायोनिस चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याचे नाव निवडले होते खुद्द पहिल्या जेम्स राजाने, म्हणजे ज्याचे डोके पुढे उडाले त्या चार्ल्सच्या बापाने. नँटविचला तेव्हा कोणी हिंदुस्थानी होता असा माझा दावा नाही. पण हे ऐकल्यावर विचारणारा थोडा गप्प होतो आणि पुढचा प्रश्न करवतीबद्दल विचारतो, म्हणजे आमचे सुरळीत चालू होते. आमच्या पलटणीत मला पहिल्या हंगामातच ‘आँटी’ म्हणू लागले, ते मात्र त्यांना कोणी शिकवले देव जाणे.

भुतांचे सांगायचे राहिले. एजहिलच्या लढाईनंतर दोन महिन्यांनी, नाताळच्या सुमारास, तिथल्या धनगरांनी आणि वाटसरूंनी रात्री आकाशात तीच लढाई पुन्हा चाललेली पाहिली, ढोल ऐकले, कण्हणे ऐकले, असे सांगणारे पत्रक १६४३ च्या जानेवारीत लंडनला छापले गेले. राजाने खातरजमा करायला आपली माणसेही धाडली, असे त्याच हकिगतीत आहे. खरे-खोटे सोडा. पण लढाई संपून दोन महिने होत नाहीत तोच त्या परिसराला ती पुन्हा दिसू लागली होती, आणि तेव्हा वर्गणी, परवाने, आइस्क्रीम यांतले काहीही नव्हते. लोकांना ती पुन्हा पाहावीशी वाटते की पाहावी लागते, याचा विचार टिपणकारांनी सवडीने करावा.

आपल्या वाचकांची मुले-मुली मँचेस्टरला, लिव्हरपूलला शिकायला येतात, त्यांच्यासाठी शेवटी दोन ओळी. जानेवारीच्या अखेरच्या सुमारास एका शनिवारी क्रूला गाडी बदलून नँटविचला उतरा, स्टेशन गावातच आहे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला, लहान मूल बरोबर असेल तर तोफांसाठी त्याच्या कानात कापूस घाला. आधी सेंट मेरी चर्च पाहा, मग म्युझियममधला यादवीचा भाग, लढाई बघायला मैदानाच्या नदीकडच्या बाजूला उभे राहा, तिथून धूर कमी येतो. वैद्याचा तंबू विचारलात तर कोणीही दाखवेल. मराठीत बोललात तरी चालेल.

आपली नियमित वाचक,
(कृपया नाव छापू नये)
नँटविचजवळ, चेशायर, इंग्लंड